डेक आधी वाजवून बघा

मार्चमध्ये आमच्या सातपूरच्या गाळ्यासमोर टेम्पोवरून २२ फुटी बोट उतरली, तेव्हा शेजारच्या लेथवाल्याने विचारलं, "काय शेठ, यंदा गोदावरीला पूर लवकर येणार वाटतं?" बोट माझ्या मावसभावाची, कोकण किनाऱ्यावरच्या रेवदंड्याची. दादाला गरी टाकून मासे पकडायचा नाद आहे. पनवेल, भिवंडी, कसारा घाट अशी ती वर आली, त्याला दोन कारणं. एक म्हणजे मी २६ वर्षं फायबरचं काम करतोय. बोटी नाही केल्या कधी, टाक्या, मशीनची कव्हरं, बसचे पॅनल, देवळांचे कळस केले. पण मॅट (काचतंतूंची चटई) आणि रेझिन (ती भिजवून टणक होणारा द्रव) सगळीकडे सारखंच वागतं. दुसरं कारण त्याहून मोठं. नाशिकची एप्रिलमधली हवा. दुपारी दोरीवर टाकलेली जीन्स दोन तासांत कडक होते इथे. रेवदंड्याला ओलं लाकूड वाळायला ठेवलं तर ते दिवसभर वाळतं आणि रात्री परत हवेतली ओल पिऊन बसतं.

दादाची तक्रार एवढीच होती की पुढच्या डेकवर, म्हणजे बोटीच्या वरच्या फरशीवर, उभं राहिलं की पायाखाली गादी अंथरल्यासारखं वाटतं.

हे का होतं ते आधी समजून घ्या, नाहीतर दुरुस्ती नुसती रंगरंगोटी होईल. असा डेक म्हणजे फायबरचा एकच जाड पत्रा नसतो. वर साधारण ३ मिमीची साल, खाली २ मिमीची, आणि मधे लाकडाचा किंवा फोमचा गाभा. या बोटीत १२ मिमी प्लायवूड होतं. कुठे बाल्सा नावाचं हलकं लाकूड असतं, कुठे पीव्हीसी फोम. गाभ्याचं काम दोन्ही सालींना ठरावीक अंतरावर घट्ट धरून ठेवायचं, गर्डरमध्ये उभी पट्टी करते तेच. भरीव पत्र्याची जाडी दुप्पट केली की तो आठपट ताठ होतो. इथे ती जाडी हलक्या लाकडाने स्वस्तात मिळवलेली असते. गाभा कुजला किंवा सालीपासून सुटला, की उरतात दोन पातळ पत्रे, आणि पाय टाकला की ते लचकतात.

गंमत अशी की समुद्रातल्या बोटीचा डेक कुजतो तो बहुतेक वेळा पावसाच्या पाण्याने. लाकूड खाणाऱ्या बुरशीला खारं पाणी फारसं मानवत नाही, गोडं पाणी मात्र चांगलं मानवतं. कोकणातला पाऊस, चार बोल्टांची भोकं, आणि भोकांत भरलेलं वाळकं सीलंट, एवढं पुरे.

वाजवणं

मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, तसंच. मी जुन्या पेचकसची प्लास्टिकची मूठ वापरतो, पाच रुपयांचं नाणंही चालतं. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो. कुजलेल्या किंवा सुटलेल्या जागी बद्द. चार-चार सेंटिमीटरवर ठोकत जायचं आणि खडूने खुणा करायच्या. एकदा सकाळी करा, मग चहा पिऊन परत करा. दोन्ही वेळची रेघ जुळली तर तिच्यावर विश्वास ठेवा. आमची जुळली नाही. दुसऱ्या वेळी ती वीतभर बाहेर गेली, आणि कापल्यावर कळलं की दुसरीच बरोबर होती. डेकखाली कप्पे किंवा आडव्या पट्ट्या असतील तिथे आवाज आपोआप बदलतो, त्याने फसू नका. खालून हात घालून त्या कुठे आहेत ते आधी बघून घ्या.

आवाजाने संशय येतो, खात्री होते भोकाने. ४ मिमीचा ड्रिल घ्या, बिटवर टेप गुंडाळून खोलीची खूण करा, म्हणजे खालची साल फुटणार नाही. मग भुशाकडे बघा. कोरडा, फिकट, भुरभुरीत भुसा आला तर गाभा ठीक. काळपट चिखल आला आणि माळ्यावर विसरलेल्या ओल्या पोत्यासारखा वास आला तर तिथून सगळं काढायचं. ही भोकं कुजक्या भागाच्या कडेकडेने मारा, मधे मारून काही कळत नाही. आमच्याकडे पुढची क्लीट, म्हणजे दोर बांधायचा तो खुंटा, त्याच्याभोवती दोन फूट बाय तीन फूट एवढा भाग गेला होता.

आता एक मोह आवरायला सांगतो, कारण मी तो आवरला नव्हता. दहा वर्षांपूर्वी एका ओळखीच्याच्या फायबर केबिनचं छत असंच लचकत होतं. मी वरून तीस-चाळीस भोकं मारली आणि सिरिंजने रेझिन सोडलं. महिनाभर छत ताठ, मी खूश. दोन पावसाळ्यांनी ते आधीपेक्षा जास्त बसलं. ओल्या लाकडाला रेझिन चिकटत नाही. उलट ते भोवती गोठतं आणि पाणी आत कोंडून ठेवतं. सिरिंजचा उपाय एकाच ठिकाणी चालतो: गाभा कोरडा आणि धड आहे, फक्त साल सुटली आहे. ओल असेल तर उघडा. दुसरा रस्ता नाही.

कापणं

वरून कापायचं की खालून? खालून कापलं तर वरचा रंग, घसरू नये म्हणून केलेली खडबडीत नक्षी, सगळं शाबूत राहतं. पण डोक्यावर हात करून काम, रेझिन कोपरापर्यंत ओघळणार आणि केस कापावे लागणार. मी वरून कापतो.

कापण्याआधी दोन कामं. डेक सपाट नसतो, त्याला थोडा बाक असतो, पाणी वाहून जावं म्हणून. तो बाक जाड पुठ्ठ्यावर कापून ठेवा. नंतर नवा गाभा बसवताना हाच पुठ्ठा तुमचा साक्षीदार. आणि खालच्या सालीला आतून फळी लावून टेकू द्या, कारण गाभा काढल्यावर २ मिमीची साल स्वतःच्या वजनानेही खाली झोळ घेते.

कापायची रेघ शक्यतो नक्षीच्या बाहेर, गुळगुळीत पट्टीतून न्या; पुढे सांधा लपवणं सोपं जातं. उभ्या कडेपासून सहा-सात सेंटिमीटर आत राहा. ग्राइंडरला पातळ डायमंड चकती लावली आणि फक्त वरची साल कापली. वायर किंवा पाइप खालून जातोय का ते बघूनच चकती टेकवा. मास्क चांगला लावा, चष्मा लावा, बाह्या मनगटाला टेपने बंद करा. फायबरचा बारीक भुसा खाजतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण तो छातीत जातो तेव्हा खाजत नाही, म्हणून लोक निष्काळजी राहतात. कामाआधी हातांना टाल्कम पावडर चोळायची आमची पद्धत आहे. आणि संध्याकाळी आंघोळीचं पहिलं पाणी गार.

कुजक्या भागावरची साल पापडासारखी निघते. चांगल्या भागावर ती सोडत नाही, तिथे रुंद पटाशी आणि रबरी हातोडी घेऊन सावकाश सुटी करा. साल तोडू नका, तीच परत बसवायची आहे. तिच्यावर बाणाने पुढची बाजू लिहून ठेवा. हसू येईल, पण तीन आठवड्यांनी आठवत नाही.

आतलं प्लायवूड मी हाताने उचललं. ओला खजूर जसा बोटांना लागतो तसं. दादा फोनवर म्हणाला, "अरे, मग एवढी वर्षं मी उभा कशावर होतो?" मी म्हटलं, "रंगावर."

कुजकं संपून लाकूड उजळ आणि टणक लागेल तिथून आणखी ५ सेंटिमीटर पुढे काढायचं. इथे कंजुषी करू नका, बुरशी डोळ्याला दिसते त्याच्या पुढे गेलेली असते.

वाळवणं

या भागात करण्यासारखं काही नाही आणि म्हणूनच तो सगळ्यात चुकतो. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली गेली की बुरशी वाढत नाही, पण चिकटवायला त्याहून खूप कोरडं हवं. आम्ही दिवसा शेडचं शटर उघडं ठेवलं, रात्री एक पंखा चालू. १२ दिवस. माझा कामगार पोरगा रोज विचारायचा, "काका, आज भरायचं का?" त्याला मी एक युक्ती दाखवली. पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा जागेवर ठेवून चारी बाजूंनी टेपने बंद करायचा आणि दिवसभर उन्हात राहू द्यायचा. आतून वाफ धरली तर अजून ओल आहे. नवव्या दिवशी धरली, बाराव्या दिवशी धरली नाही. ॲसिटोन ओतून लाकूड वाळतं असं बरेच जण सांगतात. ॲसिटोनने तेलकटपणा जातो, लाकडाच्या पोटातलं पाणी जात नाही.

जूनमध्ये हे काम काढू नका. डिसेंबरातही नको. निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर येतो त्या आठवड्यात इपॉक्सी, म्हणजे या कामात वापरायचं रेझिन, दोन-दोन दिवस चिकट राहतं.

कोणतं रेझिन, कोणता गाभा

आमच्या एमआयडीसीत रेझिन म्हटलं की पॉलिस्टर. नव्या वस्तूला ते उत्तम. पण जुन्या, पूर्ण सुकलेल्या फायबरला आणि लाकडाला धरून ठेवायला इपॉक्सी जास्त भरवशाचं, म्हणून इथे मी इपॉक्सी घेतलं. दोघांचे स्वभाव मात्र वेगळे. पॉलिस्टरमध्ये हार्डनर साधारण १ ते २ टक्के, आणि घाई असेल तर थोडा वाढवता येतो. इपॉक्सीत तसं केलंत तर ते लवकर नाही सुकत, कच्चं राहतं. डब्यावर जे प्रमाण आहे तेच, आणि ते वजनाचं आहे की मापाचं ते नीट वाचा. आमच्या हिचा स्वयंपाकघरातला काटा मी एका दिवसासाठी म्हणून नेला होता. तो आता गाळ्यातच आहे आणि घरी नवा आला आहे.

पॉलिस्टर वापरणाऱ्यांसाठी जाता जाता: कोबाल्ट (रेझिन लवकर सुकवणारा द्रव) आणि हार्डनर हे दोन कधीही थेट एकमेकांत ओतायचे नाहीत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, हार्डनर नंतर. आणि हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर चष्म्याची किंमत कळायला उशीर झालेला असतो.

गाभ्यासाठी मी १२ मिमीचं मरीन प्लाय घेतलं, आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) छाप बघून. बाल्सा हलका, आणि उभ्या रेषांचा तुकडा असेल तर पाणी त्यात आडवं लवकर पसरत नाही. फोम कुजत नाही, पण बोल्ट आवळला की चेपतो. थर्माकोल चालेल का, असं मला तिघांनी विचारलं. पॉलिस्टर रेझिनमध्ये थर्माकोल विरघळतो, डोळ्यांदेखत. शिवाय त्यात जोर नाही.

प्लायचा अख्खा तुकडा टाकू नका. बाक असलेल्या डेकवर तो बसत नाही, आणि पुढेमागे एका कोपऱ्यात पाणी शिरलं तर दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातं. मी १५ सेंटिमीटरचे चौकोन कापले आणि मधे ३-४ मिमी फट सोडली. फटीत इपॉक्सी भरतं, प्रत्येक चौकोनाला बांध मिळतो. भाताच्या खाचरासारखं.

भरणं

आधी कोरड्या अवस्थेत सगळे चौकोन मांडून, नंबर घालून, पुठ्ठ्याने बाक तपासून घ्या. मग खालची साल ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, ॲसिटोनच्या स्वच्छ फडक्याने पुसा, आणि फडकं दर थोड्या वेळाने बदला, नाहीतर मळ फक्त फिरतो.

पातळ इपॉक्सी आधी ब्रशने सालीला आणि चौकोनांच्या सगळ्या कडांना पाजा. कडा जास्त पितात, दोनदा लावा. त्यानंतर इपॉक्सीत एरोसिल पावडर मिसळून घट्ट करायचं. किती घट्ट? चक्क्यापेक्षा सैल, श्रीखंडापेक्षा किंचित घट्ट. थापीवरून उलटं धरलं तर पडू नये. ते दातेरी थापीने २ मिमी पसरा आणि चौकोन एकेक करून दाबत, थोडं हलवत बसवा. चारी बाजूंनी माल वर आला पाहिजे. आला नाही तर खाली पोकळी आहे, उचला आणि परत लावा.

एका वेळी २०० ग्रॅमच्या वर मिसळू नका, आणि मिसळल्या मिसळल्या पसरट ट्रेमध्ये ओता. एप्रिलच्या दुपारी पोराने अर्धा किलो माल श्रीखंडाच्या डब्यात मिसळला आणि तो फोनवर बोलायला गेला. परत आला तेव्हा डबा वाकडा झाला होता आणि धूर निघत होता. इपॉक्सी ढिगात असलं की स्वतःच्या उष्णतेने तापतं, तापलं की आणखी जोरात सुकतं. मग आम्ही पहाटे साडेपाचला काम सुरू करायला लागलो.

चौकोनांवर प्लास्टिक अंथरून वाळूच्या छोट्या पिशव्या ठेवल्या. मोठं एकच वजन नको, बाक चेपतो. दुसऱ्या दिवशी फटी भरून, वर आलेला माल तासून, जुनी साल परत त्याच घट्ट मालावर बसवली. सालीची आतली बाजू घासायला विसरू नका. सबंध कामाला मला साधारण चार किलो इपॉक्सी लागलं.

आता सांधा. इथे नुसती पुट्टी भरली तर वर्षात रेघ दिसेल. दोन्ही बाजूंची साल उतरती घासायची, १ ला १२ या हिशोबाने. ३ मिमी सालीला प्रत्येक बाजूला ३६ मिमी उतार, म्हणजे सात सेंटिमीटरची उथळ चर. तिच्यात कापडाच्या पट्ट्या, सगळ्यात रुंद पट्टी आधी, मग अरुंद होत वर. ४०० ग्रॅमच्या कापडाचा एक थर जेमतेम ०.४ ते ०.५ मिमी होतो, तेव्हा सहा-सात थर धरा. नेहमीची चॉप मॅट, म्हणजे तुटक धागे चिकटवून केलेली, इथे वापरू नका. तिच्यातला चिकटवणारा पदार्थ पॉलिस्टरमधल्या स्टायरिनने विरघळतो, इपॉक्सीत तो तसाच राहतो आणि मॅट नीट भिजत नाही. विणलेलं कापड घ्या आणि रोलरने हवा काढा. पांढरे ठिपके दिसतात ती हवा.

सुकल्यावर इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो आधी पाणी आणि स्क्रबरने धुवा, मग घासा. उलट केलंत तर मेण पेपरने आत दाबलं जातं आणि रंग सुटतो. वरून जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत रंगीत थर) मी टाळला, पॉलिस्टरचा जेलकोट इपॉक्सीवर नीट बसेल याचा भरवसा नसतो. दोन भागांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग दिला. रंग द्यायलाच हवा, इपॉक्सीला ऊन सोसत नाही. पाय घसरू नये म्हणून पहिल्या ओल्या हातावर चाळलेली बारीक वाळू भुरभुरली, सुकल्यावर सुटी वाळू झाडून वरून दुसरा हात.

भोकं

एवढं सगळं झालं आणि क्लीट जुन्याच पद्धतीने बसवली, तर चार वर्षांनी बोट परत कसारा घाट चढेल. म्हणून हे वेळ घेऊन करा.

बोल्ट ८ मिमीचे होते. मी आधी १६ मिमीचं भोक मारलं, वरची साल आणि गाभा यांतून, खालची साल सोडून. वाकवलेला खिळा ड्रिलमध्ये धरून आतला गाभा आणखी थोडा कुरतडला. पातळ इपॉक्सी पाजलं, मग घट्ट माल भरला. दोन दिवसांनी त्याच्या बरोबर मधे ८ मिमीचं भोक आरपार. आता बोल्टच्या भोवती लाकूड नाहीच, इपॉक्सीची भरीव नळी आहे. सील गळलं तरी पाणी खाली पडेल, गाभ्यात जाणार नाही. आणि बोल्ट आवळला तरी डेक चेपणार नाही.

भोकाच्या वरच्या कडेला मोठ्या बिटने हलकी उतरण द्या, म्हणजे सीलंटला बसायला वाटी मिळते. सीलंट म्हणून ब्युटाइलची, म्हणजे मऊ चिकट रबराची पट्टी. सिलिकॉन नको: ते कालांतराने सुटतं, आणि त्याचा अंश जिथे राहतो तिथे पुढे ना रंग धरत ना रेझिन. खालून वॉशर पुरे नाही, ५ मिमी ॲल्युमिनियमची पट्टी चारही बोल्टना मिळून एक. आवळताना वरून बोल्ट पान्ह्याने स्थिर धरायचा आणि खालून नट फिरवायचा. बोल्ट फिरला की सीलंट पिळवटतं. एकदम आवळू नका. थोडं आवळा, दुसऱ्या दिवशी थोडं, तिसऱ्या दिवशी थोडं. दर वेळी ब्युटाइल कडेने बाहेर येईल, ते कापून टाका.

नारळी पौर्णिमेच्या आत बोट खाली पोचवायची होती, हाताशी वेळ होता. मी प्रत्येक नटखाली टिश्यू पेपर टेपने चिकटवला, क्लीटच्या बुडाशी ओल्या पोत्यांचा गोल बांध करून आत पाणी साठवलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी तीन टिश्यू कोरडे होते. चौथ्यावर आठाण्याएवढा ओला डाग. पोरगा म्हणाला, "काका, एवढ्याशाने काय होतंय?" मी त्याच्या हातात पान्हा दिला. नट सोडला, क्लीट उचलली, तर त्या भोकाची उतरण द्यायचीच राहून गेली होती.